रक्ताचा कौल

मिरजोळ्याच्या वरच्या अंगाला कातळाचा सडा, म्हणजे उघडे पठार, ओलांडून खाली उतरले की मोजक्या घरांची एक वाडी लागते. त्या वाडीत हौसा कळंबटे राहत असे. तिचे माहेर आरे-वारे येथील. लग्न होऊन ती येथे आली तेव्हा समुद्राचा आवाज कानी पडल्याखेरीज तिला झोप लागत नसे. पुढे ती सवय मोडली. नवऱ्यावाचून राहण्याची सवय मात्र तिला कधी पुरती लागली नाही. तिचा नवरा भागोजी मुंबईत एका गोदामात कामाला होता. तो शिमग्याला येई आणि गणपतीला येई. त्यांना एक मूल झाले होते, ते बाळसे धरण्याआधीच गेले. नंतर तिची कूस उजवली नाही. सासूसासरेही वारले. तेव्हापासून त्या घरात एकच चूल पेटे, आणि तीही एका माणसापुरतीच.

अंगणापलीकडे थोरला दीर रामा याचे घर होते. त्याची बायको सोनूबाई मनाने चांगली होती, पण तिच्या जिभेला हाड नव्हते. हौसाच्या घरातून धूर उशिरा निघाला तरी ती अंगणातूनच ओरडे, "गो हौसे, अजून निजलीस काय? घोव नाय म्हणून सूर्यानं पण थांबायचं काय?" अशा बोलण्याचा हौसाला राग येत नसे. दिवसभरात तेवढाच एक आवाज तिच्या नावाने येत असे.

हौसा कामाला वाघ होती. पावसाळ्यात शेती आणि उन्हाळ्यात मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीतला एक कारखाना, असा तिचा वर्षाचा क्रम होता. त्या कारखान्यात आंब्याचा रस डब्यांत भरत. हौसा आंबे धुण्याच्या टाकीपाशी उभी असे. तिचे लुगडे कमरेखाली सकाळी भिजे, ते संध्याकाळी घरी येईपर्यंत तसेच अंगाला चिकटलेले असे.

ही हकिगत सन एकोणीसशे पंच्याऐंशीमधली आहे. वैशाखात एके दिवशी न्हाणीत अंग धुताना हौसाच्या बोटांना काहीतरी लागले. जांघेच्या आतल्या बाजूला, जिथे बाईमाणूस स्वतःकडेही सहसा पाहत नाही अशा ठिकाणी, तांदळाच्या कणीएवढे दाणे आले होते. ते दुखत नव्हते, खाजत नव्हते, त्यांतून पाणीही येत नव्हते. घामोळे असेल, असे तिने मनाला सांगितले. परंतु घामोळे जाते. हे गेले नाही.

कारखान्यात कमळा नावाची एक बाई तिच्या शेजारी उभी राहत असे. ती आंबे धुताधुता कोणाच्यातरी घरच्या गोष्टी सांगे. एकदा ती सहज म्हणाली, "मुंबयवाल्यांच्या बायकांनी जपून ऱ्हावं. साड्या आणतात ता दिसतं, दुसरं काय आणतात ता दिसत नाय." सगळ्या बायका हसल्या. हौसाही हसली. पण त्या दिवसापासून तिच्या मनात किडा शिरला. भागोजी शिमग्याला आला होता, आणि दाणे शिमग्यानंतर आले होते. या दोन गोष्टींची गाठ तिच्या मनाने आपोआप मारली.

ही गोष्ट सांगावी तरी कोणाला? सोनूबाईला सांगितले तर ती गोष्ट संध्याकाळपर्यंत विहिरीवर पोहोचेल. शेवटी ती ग्रामदेवता नवलाईच्या देवळात गेली.

आपल्याकडे कौल लावण्याची रीत आहे. गुरव देवीच्या पाषाणाला ओल्या कळ्या चिकटवतो आणि मनुष्याचे गाऱ्हाणे देवीला घालतो. उजवीकडची कळी आधी पडली तर देवीचा होकार, डावीकडची पडली तर नकार. एकदा कौल मिळाला की तोच प्रश्न पुन्हा विचारायचा नाही, कारण तसे करणे म्हणजे देवीला खोटे पाडणे होय. आणि प्रश्न मनातल्या मनात चालत नाही. तो मानकऱ्यांच्या देखत तोंडाने बोलावा लागतो.

"काय विचारायचं हाय ता बोल," गुरव म्हणाला.

"मनात धरलंय, दादा."

"मनातलं मनातच ठेवायचं तर घरच्या चुलीला विचार. हय चार मानकरी बसलेत. त्यांच्या कानावर पडल्याबिगर मी कळी लावायचो नाय."

हौसाने मानकऱ्यांकडे पाहिले. त्यांतला एक तिचा चुलतसासरा होता. तिने देवीपुढे नारळ ठेवला, हात जोडले आणि ती न विचारताच परत फिरली.

ज्याला देवीपुढे बोलता येत नाही त्याला डॉक्टरपुढे बोलावे लागते. रत्नागिरीत डॉक्टर मालिनी आगाशे यांचा दवाखाना होता. बाई मुंबईला शिकून आल्या होत्या आणि पडद्यामागे बायकांना एकट्याने तपासत. हौसा तिथे गेली आणि बराच वेळ पदराशी चाळा करत बसली. बाईंनी घाई केली नाही. अखेर तिने सांगितले, आणि बाईंनी तपासले.

"दुखतात?"

"नाय."

"पाणी भरून फुटले? जखम झाली?"

"नाय."

"मालक कुठे असतात?"

"मुंबयस."

बाई हात धुऊन समोर येऊन बसल्या. "मला यात वावगं काही दिसत नाही," त्या म्हणाल्या. "केसाच्या मुळाशी तेल तुंबून असे दाणे होतात. दिवसभर ओलं कापड घासतं, त्यानंही होतात. पण तुमच्या मनात काय आहे ते मला कळतंय. तुमची भीती जावी म्हणून रक्त तपासू. एक तपासणी, गरमीची, इथेच होईल. दुसरी हर्पीस नावाच्या आजाराची, त्यासाठी रक्त मुंबईला पाठवावं लागेल."

"रक्त सांगंल?" हौसाने विचारले.

"काहीतरी सांगेल," बाई म्हणाल्या.

बाईंनी पुढे आणखीही समजावले, परंतु हौसाचे कान तिथेच थांबले होते. आपण न बोलताही आपले रक्त बोलणार, या विचाराने तिला हायसे वाटले. न बोलता लागणारा कौल तिला सापडला होता.

पहिल्या तपासणीत काही निघाले नाही. दुसरीचा निकाल येईपर्यंत लावणी संपत आली. हौसा सड्यावरून भिजत दवाखान्यात गेली तेव्हा बाई पुण्याला गेल्या होत्या. कंपाउंडर परशुराम पुड्या बांधत होता.

"कागद आलाय," तो म्हणाला, "पण बाईंनाच वाचू द्या. त्या सोमवारी येतील."

"भाऊ, मला वाचता येत नाय. हो की नाय, तेवढंच सांगा."

"तसं नसतं, मावशी."

"हो की नाय?"

तिचा चेहरा पाहून परशुरामला राहवले नाही. त्याने कागद उघडून पाहिला. "आहे असं आलंय. पण सोमवारी या. नक्की या हं."

हौसा सोमवारी गेली नाही. कौल मिळाला होता. मिळालेला कौल पुन्हा विचारायचा नसतो, हे तिला लहानपणापासून ठाऊक होते. तिने विचारले होते एक आणि रक्ताने सांगितले होते दुसरे, हे मात्र तिला ठाऊक नव्हते. भागोजी चुकला काय, हा तिचा प्रश्न होता. तो कोणी कागदावर लिहिलाच नव्हता.

घरी येऊन तिने भागोजीची पत्र्याची पेटी, त्याची वाकळ आणि त्याची जेवायची पितळी पडवीत नेऊन ठेवली. सोनूबाईने ते अंगणातून पाहिले.

"ता काय गो? पेटीला हवा खायला घातलीस?"

"घरात गळतंय, वैनी."

"गळतंय तर पेटी पडवीत? पडवी तर घरापेक्षा गळकी! डोक्यात पण पाणी शिरलं वाटतं तुझ्या."

श्रावण लागला. वाडीतला महिपत बापाच्या दिवसकार्यासाठी आला होता, तो मुंबईला परत निघाला. भागोजी आणि तो गावच्या मंडळींच्या एकाच खोलीत राहत. हौसा त्याला पाणंदीत गाठून म्हणाली, "महिपतभाऊ, त्यांना म्हणावं, यंदा गणपतीला येऊ नका."

महिपत थबकला. गणपतीला येऊ नको असा निरोप कोकणात कोणी ऐकलेला नाही. "काय झालं, वैनी?"

"का, ता त्यांना ठाऊक हाय."

एसटी गेली. निरोप गेला. हौसाला वाटले होते की आता मन हलके होईल. उलट घर आणखी मोठे झाले. भात वाढताना हात दुसऱ्या पितळीकडे जाई आणि रिकामा परत येई. ती न्हाणीत दाणे चाचपून पाही. ते तसेच होते, ना वाढत होते ना कमी होत होते. ज्याने तिला टाकले असे ती समजत होती, त्याला आता तिनेच टाकले होते. दोघांपैकी कोण अधिक एकटे झाले हे सांगणे कठीण आहे.

श्रावण सरता सरता तिला ताप भरला. ताप उतरताना तिच्या ओठाच्या कडेला बारीक पाणीदार फोडांचा झुबका उठला. यात नवे काही नव्हते. लहानपणापासून मोठा ताप आला की तिच्या ओठावर असे उठे. तिच्या आईलाही उठे. परंतु या वेळी ती फार थकली होती, आणि सोनूबाईने तिला बळेच दवाखान्यात नेले.

डॉक्टर आगाशे यांनी तिला पाहताच विचारले, "तुम्ही सोमवारी का आला नाहीत? तुमचा कागद अजून इथेच पडलाय."

हौसाने सोनूबाईकडे पाहिले. बाईंनी ते ओळखले आणि सोनूबाईला बाहेर बसण्यास सांगितले. "बसते की," सोनूबाई जाताजाता म्हणाली, "तिची आवस पण मीच नि सासू पण मीच, पण ऐकायच्या वेळी मी भायेर!"

बाईंनी उजेडात हौसाचा ओठ पाहिला. मग त्या सावकाश म्हणाल्या, "हौसाबाई, तुमच्या रक्तानं जे सांगितलं, ते बहुतेक हेच."

"कायतां?"

"हे ओठावरचं. यालाच हर्पीस म्हणतात. लहानपणी तुमच्या आईनं मुका घेतला असेल, एका ताटात जेवला असाल, तेव्हा आलं. एकदा अंगात शिरलं की ते जन्मभर राहतं. कधी झोपतं, कधी तापात जागं होतं. निम्म्याहून अधिक माणसांच्या अंगात असतं. ओठावरचा एक आणि खालचा एक असे ते दोन भाऊ आहेत, आणि या तपासणीला त्यांच्यातला फरक नीट ओळखता येत नाही. तो कधी आला, कोणाकडून आला, हे तर कोणतंच रक्त सांगत नाही."

"आणि खालचे दाणे?"

"ते याचे नाहीत. याचे असते तर असे पाणी भरून आले असते, दुखले असते, फुटून खपली धरून गेले असते. तुमचे तर हललेच नाहीत. राहू देत. रंग बदलला, वाढले, दुखले, तर या. खरं म्हणजे ते रक्त मी पाठवायलाच नको होतं. भीती घालवायला गेले आणि भीती वाढवून ठेवली."

हौसाच्या डोळ्यांपुढे पाणंद होती आणि महिपतची पाठ होती.

आता निरोप परत कसा घ्यावा? मुंबईकडे जाणारे माणूस शोधत ती वाडीभर फिरली. परंतु गणपतीच्या तोंडावर कोकणात माणसे एकाच दिशेने चालतात. सगळे येत होते, मुंबईला जाणारे कोणीच नव्हते. ती रोज सडा ओलांडून एसटी थांबते तिथे जाऊन उभी राही. गाड्या भरून येत. टपावर बोचकी, ट्रंका, मखराचे सामान. महिपत उतरला. हौसाला पाहून त्याने मान खाली घातली. भागोजी उतरला नाही.

गणपती रामाच्या घरी बसत असे. तोच दोघा भावांचा गणपती. आरतीला वाडी जमली. "भागोजी नाय आला?" हा प्रश्न हौसाला ज्याने त्याने विचारला. ती म्हणे, "काम हाय त्यांना."

गौरी आल्या त्या दिवशी दुपारी भागोजी आला. अंगणात येऊन तो क्षणभर थांबला आणि आपल्या घराकडे न वळता भावाच्या ओटीवर जाऊन बसला. भावाचा गणपती त्याचाही होता. तिथे त्याला कोणी अडवू शकत नव्हते. हौसाने ते आतून पाहिले. तिने पदर सारखा केला आणि माणसांनी भरलेल्या ओटीपुढे जाऊन उभी राहिली.

"घरी चला."

"तुझा निरोप मिळालाय मला," भागोजी म्हणाला.

सोनूबाई आतून म्हणाली, "भावजी, जावा तरी, नायतर हे मोदक तरी आटपा. माश्या तुमचा निकाल लागंपर्यंत थांबायच्या नाय."

कोणीतरी हसले. भागोजी उठला. पडवीत येताच त्याला आपली पेटी दिसली. तो तिच्यावरच बसला.

"महिपतानं सगळ्या खोलीसमोर सांगितलं," तो म्हणाला. "माणसं जेवत व्हती. त्या दिवसापासून मी कोणाकडं बघितलं नाय. काय केलं व्हतं मी?"

तेव्हा हौसाने त्याला सगळे सांगितले. दाणे, कमळाचे बोलणे, रक्त, परशुरामचा शब्द, ओठ, बाईंचे बोलणे. तिने काही गाळले नाही. भागोजी खाली पाहून ऐकत होता.

"म्हणजे ता तुझंच व्हतं," तो म्हणाला.

"माझ्या आवशीचं व्हतं."

"नि शिक्षा मला." तो उठला. "उद्या मला त्या डॉक्टरणीकडं ने. माझं पण रक्त काढू दे. मंग कागद घेऊन बस."

दुसऱ्या दिवशी दोघे गेली. भागोजीने बाही सरकवून हात पुढे केला. बाईंनी तो हळूच मागे सारला.

"काढून काय करणार?" त्या म्हणाल्या. "रक्तात निघालं तर तुम्ही चुकलात असं ठरत नाही. नाही निघालं तर चुकला नाहीत असंही ठरत नाही. तुम्हाला काही त्रास आहे का? जखम, पुळ्या, जळजळ?"

"नाय."

"मग रक्ताला विचारू नका. तुम्ही एकमेकांना विचारा."

भागोजीचा चेहरा उतरला. तो भांडून का होईना, पुरावा घेऊन घरी जाण्यास आला होता. तो पुरावा जगात नव्हता.

परत येताना सड्यावर जागोजागी पाणी साचले होते. दोघे एकामागून एक चालत होती. मग भागोजी मागे न वळता म्हणाला, "गोदामातली माणसं जायची तिकडं. पगार झाला की जायची. मी पण एकदा गेलो."

हौसा जागीच उभी राहिली.

"जिन्यापर्यंत गेलो. वर चढलो नाय."

"का नाय चढलात?"

तो वळला. "तुझी आठवण आली असं सांगितलं तर तुला बरं वाटंल. पण तसं नाय. भ्यालो. वरून एक माणूस खोकत उतरत व्हता, त्याला बघून भ्यालो. परत आलो नि खोलीवर येऊन निजलो. मंग पुन्हा गेलो नाय."

हौसाने त्याच्या तोंडाकडे पाहिले. त्याने गोड उत्तर दिले असते तर कदाचित तिने ते मानले नसते. हे उत्तर गोड नव्हते. त्यात तिची वाहवा नव्हती आणि त्याचीही नव्हती. ते खरे असेल, असे तिला वाटले. खरे आहेच, असे सांगणारे कोणी नव्हते.

"चला," ती म्हणाली. "गौरी जेवायच्या हायत."

विसर्जन झाल्यावर भागोजी मुंबईला गेला. दोघे नीट बोलली, एका पंगतीत जेवली. तरीही जाताना त्याने शिमग्याचे नाव काढले नाही आणि तिनेही विचारले नाही. तो गेल्यावर घर पूर्वीसारखेच शांत झाले. काही दाणे विरले, काही राहिले. हौसा त्यांना चाचपणे विसरू लागली. पण दिवेलागणीच्या वेळी एकटी बसली की तो जिना तिच्या डोळ्यांपुढे येई. कधी भागोजी त्याच्या पायथ्याशी उभा असे. कधी, तिची इच्छा नसताना, तो एक पायरी चढे. मग ती उठून काहीतरी काम काढी.

भात पिवळे झाले. कापणीला दोघी जावा एका शेतात उतरल्या. सोनूबाईला दवाखान्यातले काही कोणी सांगितले नव्हते, तरी तिने पुष्कळसे ताडले होते. विळा चालवता चालवता तिने विचारले, "काय गो, गेलं का मनातलं?"

"निम्मं गेलं," हौसा म्हणाली.

"नि उरलेलं?"

हौसाने मूठ कापून बाजूला ठेवली. "ता शिमग्याला ते आले तर बघू," ती म्हणाली, आणि पुढच्या मुठीला हात घातला.